विजेवरची आलिशान मोटार : किलोमीटरमागे खर्च किती?

मुंबई, प्रतिनिधी : पन्नास लाखांच्या घरातील मोटार घेणाऱ्याने इंधनाच्या खर्चाची चिंता कशाला करावी, असे कोणी म्हणेल. मात्र विजेवर चालणाऱ्या, लहान आकाराच्या आलिशान एसयूव्हींची विक्री करताना कमी खर्चाचा मुद्दा हमखास पुढे केला जातो. तो खोटा नाही. पण ही बचत पदरात किती पडते, हे मोटारीपेक्षा ती कोठे चार्ज होते यावर अधिक अवलंबून असते.

भारतात या वर्गाची सुरुवात व्होल्वोच्या एक्ससी ४० रिचार्जने २०२२ मध्ये केली. जुलै २०२४ मध्ये मर्सिडीज-बेंझची ईक्यूए ६६ लाख रुपयांना बाजारात आली. जानेवारी २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईत जुळवलेली आयएक्स वन लाँग व्हीलबेस ४९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आणली आणि पेट्रोलवरील एक्स वन व विजेवरील आयएक्स वन यांच्या किमतीतील अंतर जवळपास मिटले. म्हणून येथे तिचाच हिशेब मांडला आहे.

कागदावरचे आणि रस्त्यावरचे आकडे

या मोटारीची बॅटरी ६६.४ किलोवॉट-अवर, म्हणजे घरगुती भाषेत ६६.४ युनिटची आहे. एका चार्जमध्ये ती ५३१ किलोमीटर धावेल, असे कंपनी सांगते. हा आकडा भारतीय चाचणीपद्धतीचा आहे. त्यानुसार एका युनिटला आठ किलोमीटर पडतात. याच बॅटरीची, पण चारही चाकांना शक्ती देणारी व अधिक ताकदीची आयएक्स वन युरोपातील अधिक कठोर डब्ल्यूएलटीपी पद्धतीत जास्तीत जास्त ४४० किलोमीटर धावते. दोन्ही मोटारी वेगळ्या असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. मात्र जाहिरातीतील पल्ला कोणत्या चाचणीतील आहे, हे विचारून घेतलेले बरे. शहर आणि महामार्ग असा मिश्र वापर धरला, तर युनिटला सहा किलोमीटर हा सावध अंदाज ठरतो.

चार्जिंगमधील गळती हा हिशेबातून बहुतेकदा सुटणारा भाग. घरच्या चार्जरवर मीटरमधून घेतलेल्या विजेपैकी साधारण दहा टक्के उष्णतेच्या रूपाने वाया जाते, असे धरावे. म्हणजे शंभर किलोमीटरसाठी बॅटरीतून १६.७ युनिट खर्च झाले, तरी बिलात साडेअठरा युनिट दिसतात.

वीज जाते कोठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. याचा अर्थ आयएक्स वनची संपूर्ण बॅटरी जेमतेम सव्वासात लिटर पेट्रोलच्या बरोबरीची आहे. तरीही ती चारशे किलोमीटर चालते, कारण विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते, तर पेट्रोल इंजिनात त्यातील मोठा भाग उष्णतेत जातो. कोळशावरील वीजकेंद्रात इंधनातील सुमारे एकतृतीयांश ऊर्जेचीच वीज होते, हे लक्षात घेता देशाच्या पातळीवर हा फरक इतका मोठा राहत नाही. ग्राहकाच्या खिशाला मात्र तो जाणवतो.

वाहतूक कोंडीत वातानुकूलन यंत्रणेचा वाटा वाढतो. ही यंत्रणा तासाला दीड युनिट घेते असे धरले आणि त्या तासात मोटार १५ किलोमीटरच सरकली, तर किलोमीटरमागे दशांश युनिट केवळ गारव्यासाठी जाते. महामार्गावर शत्रू असतो तो हवेचा विरोध. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास तो दीडपटीहून अधिक होतो.

मुंबई-पुणे प्रवासात खोपोली ते खंडाळा ही सुमारे ५०० मीटरची चढण येते. प्रवाशांसह २४०० किलो वजन तेवढे वर नेण्यासाठी सव्वातीन युनिट ऊर्जा लागते. गळती धरता घाट चढताना पल्ल्यातील सुमारे २० किलोमीटर कमी होतात. उतरताना मोटर जनित्राचे काम करते व त्यातील बराच भाग बॅटरीत परत येतो. त्यामुळे पुण्याला जातानाचा आणि पुण्याहून येतानाचा खर्च सारखा नसतो.

तीन हिशेब

वर्षाला १२ हजार किलोमीटर वापर, घरची वीज सर्व आकारांसह दहा रुपये युनिट, सार्वजनिक जलद चार्जर जीएसटीसह २४ रुपये युनिट आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरून हिशेब असा निघतो :

- घरी चार्जिंग : किलोमीटरमागे १.८५ रुपये, वर्षाला सुमारे २२ हजार रुपये.
- केवळ सार्वजनिक जलद चार्जिंग : किलोमीटरमागे ४.२० रुपये, वर्षाला सुमारे ५० हजार रुपये.
- याच आकाराची पेट्रोल मोटार, लिटरला ११ किलोमीटर : किलोमीटरमागे ९.४५ रुपये, वर्षाला सुमारे १ लाख १३ हजार रुपये.

म्हणजे घरी चार्जिंगची सोय असेल तर वर्षाला ९१ हजार रुपये वाचतात. नसेल तर ६३ हजार. आपल्या भागातील दर वेगळे असल्यास वाचकांनी शंभर किलोमीटरला घरी १८.५ आणि जलद चार्जरवर १७.५ युनिट धरून आकडे बदलून पाहावेत.

मीटर कोणाचा?

महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे १८५ युनिट. ते घरच्याच मीटरवर आले, तर एकूण वापर वरच्या दरटप्प्यात जातो आणि वाढीव युनिट महाग पडतात. विजेवरील वाहनांच्या चार्जिंगसाठी राज्यात स्वतंत्र दरवर्ग आहे. त्यानुसार वेगळी जोडणी घेतल्यास हा प्रश्न टळतो.

खरी अडचण सोसायटीच्या वाहनतळावर येते. घरच्या वा कार्यालयातील विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली. तरीही मीटरपासून वाहनतळापर्यंतची केबल, इमारतीचा मंजूर भार आणि व्यवस्थापन समितीची संमती हे विषय सोडवावेच लागतात. ११ किलोवॉटचा चार्जर बॅटरी साडेसहा तासांत भरतो, पण त्याला थ्री-फेज जोडणी लागते. रोज ४० किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रीचे साडेतीन तास पुरतात. सोसायटीकडे परवानगी मागताना हा मुद्दा उपयोगी पडावा.

इतर खर्च

इंजिन ऑइल, स्पार्क प्लग हे खर्च नाहीत. ब्रेक पॅडही कमी झिजतात. वजन आणि जोरदार ओढ यांमुळे टायर मात्र लवकर बदलावे लागू शकतात. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेवरील मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी देण्यात आली. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाली. तीस लाखांवरील अशा मोटारींवर सहा टक्के कराचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. गृहीत धरलेली सवलत एका अर्थसंकल्पात धोक्यात येऊ शकते, हे त्यावरून दिसले.

सर्वांत मोठा खर्च मात्र कोणत्याच मीटरवर दिसत नाही. ४९ लाखांच्या मोटारीची किंमत पहिल्या वर्षी दहा टक्क्यांनी जरी उतरली, तरी ४ लाख ९० हजार रुपये गेले. घरच्या चार्जिंगवरील बचतीच्या पाचपटीहून अधिक. त्यामुळे चालू स्थितीतील पेट्रोल मोटार केवळ इंधन वाचवण्यासाठी विकून ही घेणे परवडणारे नाही. याच किमतीची नवी मोटार घ्यायचीच असेल, तर विजेची निवड हिशेबात बसते. मात्र नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी सोसायटीकडून चार्जरची लेखी परवानगी हाती असावी.