मासे खाल्लेल्या वैमानिकांची वंशावळ

दोन्ही वैमानिक विषबाधेने आडवे झालेत. प्रवाशांत विमान चालवता येणारा एकच माणूस, आणि तोही युद्धात आपले सहकारी गमावून मनाने खचलेला. आज हा प्रसंग पडद्यावर आला की हसू आवरत नाही. १९५६ साली मात्र तो थरार होता.

गोष्ट आर्थर हेली यांची. ते मूळचे इंग्लंडचे, महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होते आणि नंतर कॅनडात स्थायिक झाले. एका विमानप्रवासात त्यांच्या मनात आलं : समोरचे दोघे आजारी पडले, तर मला हे विमान उतरवता येईल का? त्यातून ‘फ्लाइट इन्टू डेंजर’ हे टीव्हीनाट्य झालं. एप्रिल १९५६मध्ये कॅनडाच्या सीबीसीने ते दाखवलं. त्यातला नायक जेम्स डूहान. ‘स्टार ट्रेक’मधला स्कॉटी म्हणून तो पुढे घरोघरी पोचला.

पुढच्याच वर्षी पॅरामाउंटने त्यावर ‘झीरो अवर!’ काढला. हा चित्रपट टीव्हीवर लागला की मला जागचं उठवत नाही. जेवणाला मासे की मटण, एवढी साधी निवड. ज्यांनी मासे घेतले ते एकेक करून कोसळतात. मग डॉक्टर अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगतात, की विमान चालवता येणारा आणि शिवाय मासे न खाल्लेला माणूस शोधायला हवा. जमिनीवरून रेडिओवर सूचना देणारा स्टर्लिंग हेडन घामाघूम होऊन म्हणतो, सिगारेट सोडायला हाच आठवडा बरा सापडला! कुणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. डेना अँड्र्यूजचा नायक तर बायको मुलाला घेऊन सोडून चालली म्हणून धावतपळत त्या विमानात चढलेला, म्हणजे संसार आणि विमान दोन्ही एकाच वेळी वाचवायचे! सगळी माणसं मनातलं सगळं बोलून दाखवतात. हसू येतं ते त्यामुळे. पण हेलींनी पेच असा आवळत नेलाय, की हसता हसताही विमान उतरेपर्यंत काळजी सुटत नाही. असा चित्रपट टाकाऊ म्हणणं मला मान्य नाही.

हेलींच्याच ‘एअरपोर्ट’ कादंबरीवरून १९७०मध्ये भव्य चित्रपट आला. त्याला ऑस्करची दहा नामांकनं मिळाली आणि हेलन हेज यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार. त्याच्या पुढच्या भागांत मात्र तोल सुटत गेला. १९७४च्या भागात हवाईसुंदरी जंबो जेट सांभाळते आणि मूत्रपिंडाच्या प्रतीक्षेत असलेल्या मुलीला एक जोगीण गिटारवर गाणं म्हणून दाखवते. १९७९च्या भागात तर जॉर्ज केनेडी उडत्या काँकॉर्डची खिडकी उघडून हात बाहेर काढतो आणि फ्लेअर झाडतो.

अमेरिकेतल्या मिलवॉकीचे जिम एब्रहम्स आणि डेव्हिड व जेरी झकर हे भाऊ तेव्हा रंगमंचावर विडंबनं करत. टीव्हीवरच्या जाहिरातींची टर उडवायची, म्हणून ते उत्तररात्रीचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवत. त्या रेकॉर्डिंगमध्ये अनायासे ‘झीरो अवर!’ आला. त्यांनी त्याचे रीतसर हक्क घेतले आणि कथानक जवळपास जसंच्या तसं उचललं, कितीतरी संवादांसकट. तो ‘एअरप्लेन!’, १९८०चा. नावातलं उद्गारचिन्हदेखील वारशाने आलेलं.

त्यांची खरी अक्कल दिसली ती नटांच्या निवडीत. विनोदी नट न घेता त्यांनी रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज, लेस्ली नील्सन असे गंभीर भूमिकांत मुरलेले नट घेतले, आणि त्यांना थरारपटासारखंच बोलायला लावलं. १९५७च्या चित्रपटात कॅप्टन झाला होता एलरॉय हर्श, अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू. म्हणून ‘एअरप्लेन!’मध्ये सहवैमानिकाच्या खुर्चीत बास्केटबॉलपटू करीम अब्दुल जब्बार बसला. जुन्या चित्रपटातलं विमान पंख्याचं होतं. स्टुडिओने नव्यात जेटच हवं असा आग्रह धरला. मग दिग्दर्शकांनी दाखवलं जेट, पण त्याला आवाज दिला तो पंख्यांचा. पहिल्या उड्डाणापासून शेवटपर्यंत ते जेट तसंच घरघरत राहतं.