बंगळूरची दुपार आणि मेकॉलेचे ग्रंथ

बंगळूर क्लबाच्या १८९९ सालच्या वहीत लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर १३ रुपयांची बाकी दाखविलेली आहे. या शहरी बदलून येणाऱ्या प्रत्येकास ही गोष्ट कोणी ना कोणी ऐकवितोच. परंतु चर्चिल यांच्यावर बंगळूरचे याहून मोठे ऋण होते, आणि ते विद्येचे होते. त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

१८९६ च्या ऑक्टोबरात चौथ्या हुसार घोडदळाबरोबर चर्चिल हिंदुस्थानात आले व येथील छावणीत राहू लागले. विद्यापीठाची पायरी ते चढले नव्हते. शिक्षण झाले ते सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात. १९३० साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात त्यांनी एक संपूर्ण प्रकरण बंगळुरातील विद्याभ्यासास वाहिले आहे. ते म्हणतात की, आपला शब्दसंग्रह मोठा होता, शब्दांची आवडही होती; परंतु आपण सर्रास योजतो त्या कित्येक शब्दांचा नेमका अर्थ आपल्यास सांगता येत नाही, हे या सुमारास ध्यानी आले. नीतिशास्त्र म्हणजे काय, हे समजावून देणारा येथे पैसे मोजूनही मिळेना.

अशा वेळी सामान्य माणूस कोशाकडे धावतो. चर्चिल यांनी आईकडून ग्रंथ मागविले. प्रथम गिबनकृत रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास, आठ खंड. मग मेकॉलेचे बारा. पुढे प्लेटो, ॲरिस्टॉटल, माल्थस, डार्विन. सकाळी घोड्यांची व्यवस्था आटोपल्यापासून संध्याकाळी पोलोची वेळ होईतो, दिवसाकाठी चार-पाच तास हे वाचन चाले. कोशातला शब्द सुटा असतो. ग्रंथातला शब्द विचाराच्या ओघात, आपल्या सोबत्यांसह भेटतो, म्हणूनच तो अंगवळणी पडतो. या व्यासंगाचे फळ लवकरच दिसले. मलाकंदच्या मोहिमेवरील आपले पहिले पुस्तक त्यांनी बंगळुरातच लिहिले. ते १८९८ साली निघाले. १९५३ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक लाभले.

हाच मेकॉले त्यापूर्वी पुण्यातही वाचला जात होता. चर्चिल यांचा जन्म १८७४ च्या नोव्हेंबरातला. त्याच वर्षाच्या आरंभी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली होती. मेकॉले व जॉन्सन हे शास्त्रीबुवांचे आवडते ग्रंथकार. जॉन्सनचे विस्तृत चरित्र त्यांनी मालेत लिहिले. लांब पल्ल्याचे वाक्य, विरोधाची मांडणी, उपरोधाचा तडाखा हे गुण त्यांनी इंग्रजीत न्याहाळले आणि मराठीत उतरविले. इंग्रजी शब्दांची भरताड मात्र केली नाही. पौर्वात्य विद्येस तुच्छ लेखणारे १८३५ चे टिपण ज्या मेकॉलेने लिहिले, त्याच्याच शैलीची धार स्वभाषेच्या व स्वदेशाच्या अभिमानार्थ उपयोगी पडली. शस्त्र परक्याचे खरे. पण हात आणि हेतू आपला होता. १८८२ साली, वयाची बत्तिशीही गाठण्यापूर्वी शास्त्रीबुवा वारले. त्यांनी कमावलेला मराठी निबंध मागे राहिला.

उलटपक्षी, साम्राज्ये कशी ढासळतात याचे एवढे मोठे पुराण बंगळुरात बसून वाचूनही चर्चिल यांनी हिंदुस्थानच्या स्वराज्यास पुढे कसून विरोध केला. १९३५ च्या कायद्याने देऊ केलेले मर्यादित अधिकारही त्यांस खपले नाहीत. गिबनची भाषा त्यांनी घेतली. त्याच्या ग्रंथातील इशारा घेतला नाही.

थोर ग्रंथ वाचून शब्दसंपत्ती वाढते, यात शंका नाही. परंतु तेवढ्याने दृष्टी वाढतेच असे नाही. ज्यांचा अवघा दिवस कचेरीतल्या इंग्रजी टिपणांत जातो, त्या आपल्यासारख्यांनी या दोन वाचकांची तुलना अवश्य करावी. आपण योजतो त्या शब्दाचा अर्थ आपणांस ठाऊक असावा, हा धडा चर्चिल यांजकडून घ्यावा. आणि मिळविलेली संपत्ती कोणाच्या घरी नेऊन ठेवावी, हे शास्त्रीबुवांस विचारावे.