प्रसूती रजा संपली, मग बाळाला सांभाळणार कोण?

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाणा एमआयडीसीत नवरा-बायको दोघंही कामाला असतील, तर मूल कधी होऊ द्यायचं हे ठरवताना पाळणाघराचा हिशेबही मांडावा लागतो.

रजा किती मिळते?
२०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ईएसआय लागू असेल, तर निकष वेगळे. यातले ८ आठवडे प्रसूतीआधीच घेतले, तर कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं.

त्यानंतर काय?
अंगणवाडीतलं पूर्व-प्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं. खरी अडचण असते ती या मधल्या अडीच-पावणेतीन वर्षांची. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. छोट्या वर्कशॉपला मात्र हा नियम लागू नाही. तिथे बहुतेकदा आजी-आजोबा नाहीतर खासगी पाळणाघर, हेच पर्याय उरतात.

आधी काय विचाराल?
नोकरीवर घेतानाच या सवलतींची माहिती लेखी देणं २०१७ च्या दुरुस्तीने कंपनीवर बंधनकारक केलं होतं. तुम्हाला ती मिळाली नसेल, तर आजच मागा.