नदीची लांबी मोजायची कुठून? नाईलपासून वैनगंगेपर्यंत

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण भागात किरनापूर हे तहसीलीचे गाव आहे. तालुक्याची सीमा जिथे संपते तिथे बाघ नदी लागते आणि राजेगावजवळचा पूल ओलांडला की महाराष्ट्रातील गोंदिया जिल्हा सुरू होतो. १९५६ पर्यंत ही सीमा नव्हती. बालाघाट आणि गोंदियाचा परिसर एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूरला होती. आजही या पट्ट्यात हिंदीबरोबर पोवारी आणि मराठी कानावर पडते.

किरनापूरच्या भातखाचरांतून पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी बाघ नदीवाटे वैनगंगेत जाते. वैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि तिथे दोघींचीही नावे लोपून प्राणहिता सुरू होते. प्राणहिता कालेश्वरमजवळ गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाते. पाणी एकच, मात्र समुद्र गाठेपर्यंत त्याला चार नावे लागतात. मग या प्रवाहाची लांबी कोणाच्या नावावर मांडायची? जगातील सर्वांत लांब नद्यांची यादी वाचताना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक ती यादी याच प्रश्नाच्या उत्तरांवर उभी आहे.

शालेय पुस्तकांतील क्रम सर्वांना पाठ असतो. नाईल ६,६५० किलोमीटर, अ‍ॅमेझॉन सुमारे ६,४०० किलोमीटर, यांगत्से ६,३०० किलोमीटर आणि त्यानंतर मिसिसिपी–मिसूरी. हे आकडे पर्वतशिखरांच्या उंचीसारखे पक्के नसतात. नदीची लांबी सांगण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: उगम कोणता, मुख कोणते आणि मधली वळणे किती बारकाईने मोजायची. लहान प्रमाणाच्या नकाशावर नदी सरळ दिसते आणि आखूड भरते. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर प्रत्येक वळण दिसते आणि तीच नदी लांब होते. वैनगंगेची लांबी साधारण ५८० किलोमीटर धरतात. पण दोन पुस्तके उघडली तर दोन आकडे सापडतात, आणि त्यात कोणाची चूक असतेच असे नाही.

उगमाचा वाद सर्वांत जुना नाईलचा. जॉन स्पीक हा इंग्रज प्रवासी १८५८ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर पोहोचला आणि नाईलचा उगम सापडला, असे त्याने जाहीर केले. पुढे त्या सरोवरालाही पाणी पुरवणाऱ्या कागेरा नदीकडे लक्ष गेले आणि तिच्या शीर्षप्रवाहांचा शोध बुरुंडी व रवांडाच्या डोंगरांत सुरू झाला. आज नाईलची जी लांबी सांगतात ती या दूरच्या प्रवाहांपासून मोजलेली असते. सरोवरापासून मोजले, तर नाईलचा पहिला क्रमांक धोक्यात येतो.

अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत उगम आणि मुख दोन्ही वादग्रस्त आहेत. पेरूमधील मिस्मी पर्वतावरचा ओहोळ हा तिचा दूरचा उगम, असे १९७१ च्या शोधमोहिमेनंतर मानले जाऊ लागले. २०१४ मध्ये काही संशोधकांनी मांतारो नदीचा दावा पुढे केला. मुखाशी माराजो नावाचे विस्तीर्ण बेट आहे. त्याच्या उत्तरेकडून मोजायचे की दक्षिणेकडून, यावर लांबी बदलते. ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेने २००७ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे अ‍ॅमेझॉन ६,९९२ किलोमीटर आणि नाईल ६,८५२ किलोमीटर असल्याचे सांगितले. मोजणारी संस्था ब्राझीलची, हेही लक्षात ठेवायला हवे. पाण्याच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. जगातील सर्व नद्या मिळून समुद्राला जे पाणी देतात, त्यातील सुमारे पाचवा हिस्सा एकट्या अ‍ॅमेझॉनचा असतो.

भारताच्या परिचयाचे उदाहरण ब्रह्मपुत्रेचे आहे. तिची लांबी वर्षानुवर्षे २,९०० किलोमीटर धरली जात होती. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून तिबेटमधील आंगसी हिमनदी हा तिचा उगम ठरवला आणि लांबी ३,८४८ किलोमीटर सांगितली. नदीत काही बदल झाला नव्हता, तरी यादीतील तिची जागा बदलली.

मिसिसिपी–मिसूरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. सेंट लुईसजवळ या दोन नद्या भेटतात. तिथवर आलेली मिसूरी सुमारे ३,७६७ किलोमीटरचा प्रवास करून आलेली असते, तर मिसिसिपीचा तिथवरचा प्रवास त्याच्या जेमतेम निम्मा असतो. तरीही संगमानंतरचे नाव मिसिसिपीचेच राहते. भूगोलाच्या निकषावर नाव मिसूरीला मिळायला हवे होते. पण ते गोऱ्या वसाहतकारांना आधी परिचित झालेल्या नदीला मिळाले. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात तेव्हा अलकनंदेचे पाणी अधिक असते, पण गंगेचा उगम म्हणून आपण गोमुखाकडे पाहतो. श्रद्धा, इतिहास आणि सवय यांनी ठरवलेली नावे मोजपट्टीला जुमानत नाहीत.

वैनगंगेचे स्थान नेमके इथेच आहे. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावाजवळ ती उगम पावते. तिथून उत्तरेकडचे पाणी नर्मदेला जाऊन भरूचजवळ अरबी समुद्र गाठते. वैनगंगा मात्र सिवनीच्या पठाराला वळसा घालून बालाघाटकडे दक्षिणेला उतरते. रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या ‘द जंगल बुक’मुळे सिवनीचे डोंगर आणि ही नदी जगभरच्या मुलांना ठाऊक झाली. मोगलीची नदी म्हणून तिला ओळखणाऱ्यांपैकी किती जणांना तिचे पाणी गोदावरीला जाते हे माहीत असेल, हा वेगळा मुद्दा. बालाघाटनंतर बाघ, बावनथडी, कन्हान, चुलबंद अशा उपनद्या घेत ती भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून जाते. चपराळा अभयारण्याजवळ वर्धा तिला भेटते. वर्धा बैतूल जिल्ह्यातील मुलताई परिसरातून येते आणि तिची लांबी ५२८ किलोमीटर आहे, म्हणजे वैनगंगेपेक्षा कमी. इथे नाव दोघींपैकी कोणालाच मिळाले नाही. पुढची ११३ किलोमीटर नदी प्राणहिता म्हणून वाहते.

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून केवळ ८० किलोमीटरवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. कालेश्वरमला पोहोचेपर्यंत तिचा प्रवास वैनगंगा–प्राणहितेच्या प्रवासापेक्षा मोठा झालेला असतो, त्यामुळे लांबीच्या हिशेबाने गोदावरी हेच नाव योग्य ठरते. पाण्याचा हिशेब वेगळा आहे. वरच्या गोदावरीचे खोरे बरेचसे पर्जन्यछायेत येते. अहिल्यानगर, बीड, परभणीकडचे दुष्काळ मराठी वाचकांना सांगायला नकोत. प्राणहिता मात्र सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या पूर्वेकडील भरपूर पावसाचे पाणी आणते. गोदावरीच्या ३,१२,८१२ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी १,०९,०७८ चौरस किलोमीटर, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र तिचे आहे. कालेश्वरमच्या संगमावर नाव घेऊन येते गोदावरी, पाणी घेऊन येते प्राणहिता.

नाईलवर खार्टूमला असेच घडते. लांबी पांढऱ्या नाईलची, पण इजिप्तला पोहोचणाऱ्या पाण्याचा बहुतेक भाग इथिओपियाच्या डोंगरांतून, मुख्यतः निळ्या नाईलमधून येतो. असे असूनही १९५९ च्या करारात इजिप्तने ५५.५ अब्ज आणि सुदानने १८.५ अब्ज घनमीटर पाणी आपसांत वाटून घेतले, त्यात इथिओपियाला स्थान नव्हते. इथिओपियाने निळ्या नाईलवर बांधलेल्या महाकाय धरणाचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले, त्या वादाचे मूळ इथे आहे.

गोव्याच्या वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. खानापूर तालुक्यातून येणारी म्हादई खाली मांडवी होते. जगातल्या लांब नद्यांच्या कोणत्याही यादीत तिला जागा नाही. तरीही तिच्या पाण्यासाठी स्वतंत्र लवाद नेमावा लागला आणि त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी देऊ केले. लवाद किलोमीटर पाहत नाही, टीएमसी पाहतो.

गोदावरीचे वाटप बच्छावत लवादाने केले, त्याचा अंतिम निवाडा १९८० चा. त्या हिशेबात खोऱ्याचे बारा उपविभाग केलेले आहेत आणि वैनगंगा ‘जी-९’ म्हणजे प्राणहिता या उपखोऱ्यात येते. कागदावर तिचे नावसुद्धा दुसऱ्या नदीत जमा आहे. प्रत्यक्षात मात्र वरपासून खालपर्यंत तिला अडवलेले आहे. उगमाच्या बाजूला सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर, खाली बालाघाटच्या भातशेतीला पाणी देणारा ब्रिटिशकालीन ढुटीचा बांध, त्याच्याही खाली भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द. गोसीखुर्दचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे अडीच लाख हेक्टरांचे सिंचन हे त्याचे उद्दिष्ट. बाघ नदीवरचा प्रकल्पही दोन्ही राज्यांचा संयुक्त असून सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही त्याची धरणे गोंदिया जिल्ह्यात आहेत. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला बालाघाटचा चिन्नोर तांदूळ याच खोऱ्यातला.

एका राज्यात धरण आणि दुसऱ्या राज्यात गाव, अशी स्थिती असली की पुराचा इशारा वेळेवर पोहोचणे हा जिवाचा प्रश्न होतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संजय सरोवर आणि पेंच या दोन्हींकडून पाणी सोडले गेले. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, खाली ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली गेली. मुख्य नदी फुगली की उपनदीचे पाणी मागे तुंबते, त्यामुळे वैनगंगेच्या पुरात बाघकाठची गावेही सुरक्षित राहत नाहीत. अशा वेळी धरणातून सुटलेले पाणी आपल्या गावापर्यंत यायला किती तास घेईल, एवढीच लांबी काठावरच्या माणसाला माहीत हवी असते.

संगमाच्या खालीही वैनगंगेच्या पाण्याचाच आधार आहे. तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा प्राणहिता मिळाल्यानंतरच्या पात्रात बांधला, तो वरच्या गोदावरीत पुरेसे पाणी नाही म्हणून. जून २०१९ मध्ये प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले.

आता या पाण्याचा मार्गच बदलण्याची योजना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दचे पाणी ४२६ किलोमीटरहून अधिक लांबीच्या कालव्याने बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत नेण्याचा हा बेत आहे. नळगंगा पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. तो पुरा झाला, तर किरनापूरच्या खाचरांतून निघालेल्या पाण्याचा काही भाग बंगालच्या उपसागराकडे न जाता अरबी समुद्राच्या बाजूच्या खोऱ्यात पोहोचेल.