घर बघताना कागदही बघूया



घर विकत घ्यायचं ठरलं की आपण बायका काय काय बघतो? पाणी किती लांबून आणावं लागेल, मोरीचं पाणी कुठे जातं, पावसाळ्यात भिंत ओल धरते का, वाळवण घालायला ऊन येतं का, शेजार कसा आहे. यात आपली नजर पक्की असते. पण व्यवहाराची बोलणी सुरू झाली की आपण चहा ठेवायला आत जातो आणि कागदावर कोणाचं नाव लागलं, ते पुष्कळदा आपल्याला कळतही नाही.

आमच्या हातूनही ही चूक झाली आहे. आमच्या एका गटातल्या ताईंनी घरासाठी गटातून कर्ज घेतलं. शिलाई करून, मजुरीला जाऊन एकही हप्ता न चुकवता फेडलं. घर मात्र सासऱ्यांच्या नावे झालं, कारण ते घरातले वडीलधारे. पुढे ताईंचे पती वारले, काही वर्षांनी सासरेही गेले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मग दोन दीर, एक नणंद आणि ही ताई असे घराचे चार वाटे निघाले. चौथा वाटा ताईंचा आणि त्यांच्या लेकरांचा मिळून. कायद्याने ते चूक नव्हतं, कारण कागदावर मालक सासरेच होते. कर्ज देताना आम्ही जामीन विचारला, हप्ता ठरवला, पण घर कोणाच्या नावे होणार हे विचारलं नाही. म्हणून आज बाईचं नाव घराला लागायला किती वर्षं लागली, ते सांगायचं ठरवलं आहे.

जुन्या काळी बाईची स्वतःची मालमत्ता म्हणजे स्त्रीधन. दागिने, कपडे, भांडी, माहेरून प्रेमाने मिळालेल्या वस्तू. घरात तिला आसरा आणि अन्नवस्त्र मिळे, पण बहुतेक ठिकाणी मालकी पुरुषांकडेच राही. 1937 साली कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा मिळू लागला. पण तो तिच्या हयातीपुरता. तिने त्यात राहावं, उत्पन्न खावं. मोठी नड असल्याशिवाय विकता येत नव्हतं, आणि तिच्यामागे ते नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसा आणि बाईला पूर्ण मालकी देण्याची तरतूद मांडली. विरोध मोठा झाला. बिल रखडलं आणि 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. त्यांच्या राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं.

पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्याच्या कलम 14 ने ठरवलं, की बाईच्या ताब्यातली तिची मालमत्ता, मग ती वारशाने आलेली असो की विकत घेतलेली, पूर्णपणे तिची. विकायचा आणि मृत्युपत्र करायचा हक्कही तिचाच. पण त्याच कायद्यात कलम 23 ची गाठ होती. वडिलांच्या घरात कुटुंब राहत असेल, तर भावांनी वाटणी करायचं ठरवेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नव्हती. आणि लग्न झालेली मुलगी विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झाली, तरच तिला तिथे राहायचा हक्क. म्हणजे वाटा होता, पण दार भावांच्या हाती.

महाराष्ट्रात हा विषय गावोगावी नेला तो शेतकरी बायकांनी. 1986 साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की नवऱ्याने आपल्या हयातीतच काही जमीन बायकोच्या नावे करावी. अनेक गावांत लोकांनी खरोखर ती केली. विषय जमिनीचा होता, पण सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागू शकतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

1994 साली महाराष्ट्राने वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मापासून हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2003 साली राज्य शासनाने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगितलं. 2005 साली केंद्राने देशभर मुलींना समान हक्क दिला, लग्नाची अट राहिली नाही, आणि कलम 23 काढून टाकलं. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की 2005 मध्ये वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हा हक्क जात नाही.

हे कायदे हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांसाठी आहेत. मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या कायद्यात फार आधीपासून ठरलेला आहे, पण तोही हातात पडायला तितकाच झगडा करावा लागतो.

आता विकत घ्यायच्या घराकडे येऊ. हे सगळे बदल मुख्यतः वारशाचे आहेत. विकत घेतलेल्या घराचा मालक खरेदीखतावर नाव असलेला. हप्ते कोणी फेडले, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून नाव खरेदीच्या दिवशीच लागलं पाहिजे. नंतर लावायचं तर पुन्हा दस्त, पुन्हा खर्च, आणि सगळ्यांची मनं वळवायची.

नमुना 8 वर नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. तिचा उपयोग आहेच, पण मालकीसाठी नोंदणी केलेलं खरेदीखत बघा. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या पत्रिकेवर कोणाचं नाव लागलं, ते स्वतः वाचा. आणखी एक, 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. असं घर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही अट आधी होती, ती 2023 मध्ये निघाली. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं तर ही सवलत मिळत नाही, पण दोघांचं नाव लागणं हीसुद्धा मोठीच गोष्ट आहे.

आमच्या गटांनी आता नियम केला आहे. घरासाठी कर्ज मागितलं की बैठकीत पहिला प्रश्न, खरेदीखतावर नाव कोणाचं? सभासद बाईचं नाव, एकटीचं किंवा जोडीने, लागणार असेल तरच पुढची बोलणी. सुरुवातीला दोन-तीन घरांत कुरबुर झाली. एका सासूबाईंनी तर आम्हाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. पुढच्या महिन्यात त्याच आल्या आणि म्हणाल्या, "माझं राहिलं, सुनेचं तरी लावा."

ज्या ताईंची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्या आजही त्याच घरात, आपल्या एका खोलीत राहतात. नियमाचा ठराव मांडला, तेव्हा पहिला हात त्यांनी वर केला.

तुमच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा कागद घेऊन या आणि एकमेकींना वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर लेकीला सोबत आणा. तिलाही ते कळलेलं बरं.