उसनी शाळा: जपानी कथांमधलं मुलांचं बोर्डिंग

मागच्या व्याख्यानात आपण हेर्मान हेस्सेच्या शाळेबद्दल बोललो होतो. माउलब्रॉनचा तो जुना मठ, त्यातली निवासी शाळा, 1892 मध्ये तिथून पळून गेलेला चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याने पुढे 1906 मध्ये लिहिलेली ‘चाकाखाली’ ही कादंबरी. व्याख्यानानंतर एका श्रोतीचा लेखी प्रश्न आला. “सर, मी ‘गाकुएन हेवन’ नावाचा जपानी गेम खेळते, त्यात मुलांचं बोर्डिंग आहे. मुलगे मुलग्यांच्या प्रेमात पडतात. या गेमचा आणि तुमच्या हेस्सेचा काही संबंध आहे का?” प्रश्न वाचून आधी हसू आलं. मग शोध घ्यायला बसलो, आणि संबंध आहे असं दिसलं. आजचं सगळं बोलणं त्यावरच.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो, कारण माझ्या वयाचेही काही श्रोते आहेत. याला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात. पडद्यावर चित्र असतं, खाली मजकूर येत राहतो, पात्रांचे आवाज ऐकू येतात. वाचता वाचता मध्येच कथा थांबते आणि विचारते, आता काय करायचं? याच्याबरोबर जायचं की त्याच्याबरोबर? तुम्ही निवडाल तशी पुढची कथा. 1992 मध्ये चुनसॉफ्ट कंपनीने ‘ओतोगिरिसो’ ही अशी भयकथा काढली, आणि ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव 1996 मध्ये लीफ या कंपनीने आपल्या मालिकेला दिलं. 1994 मध्ये कोएई कंपनीतल्या स्त्रियांच्या चमूने मुलींसाठी ‘अँजेलिक’ केला होता. ‘गाकुएन हेवन’ आला 2002 मध्ये, स्प्रे या कंपनीकडून. पुढे त्याचा मांगा झाला, 2006 मध्ये तेरा भागांची अॅनिमेशन मालिका झाली.

त्याची कथा अशी. इतो केइता हा अगदी साधा मुलगा. (जपानी नावांत आडनाव आधी येतं, मी तसंच ठेवतो.) त्याला एक दिवस बेल लिबर्टी नावाच्या शाळेचं प्रवेशपत्र येतं. ही शाळा एका बेटावर आहे, मुख्य भूमीला पुलाने जोडलेली. तिथला प्रत्येक मुलगा कशात ना कशात असामान्य आहे. कुणी टेनिसपटू, कुणी चित्रकार, कुणी संगणकात तरबेज. विद्यार्थिसंघाच्या अध्यक्षाला ‘राजा’ म्हणतात, हिशेब सांभाळणाऱ्या मुलाला ‘राणी’. केइताकडे काय आहे? फक्त नशीब! शाळेत जाताना त्याची बस पुलावर असतानाच पूल उघडायला लागतो, अपघात होतो आणि हा सुखरूप बाहेर येतो. शाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं बी आणि एल. म्हणजे ‘बॉईज लव्ह’. पाटीवरच विनोद लिहून ठेवलाय.

हा पूल लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता मागे जाऊ. जपानमध्ये मुलांची वसतिगृहं नव्हती असं नाही. 1886 मध्ये शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांच्या काळात उच्च विद्यालयांची व्यवस्था उभी राहिली, आणि त्यातल्या तोक्योच्या पहिल्या विद्यालयाचं वसतिगृह देशभर गाजलेलं होतं. देशाचे मंत्री, न्यायाधीश, लेखक तिथून निघाले. कावाबाता यासुनारींनी आपल्या शाळेच्या वसतिगृहातल्या एका मित्रावरच्या हळव्या प्रेमाबद्दल ‘शोनेन’ म्हणजे ‘मुलगा’ या पुस्तकात लिहिलं. त्याच्याही आधी, 1909 मध्ये, मोरी ओगाइ या थोर लेखकाने ‘विटा सेक्सुआलिस’ लिहिली. तिचा नायक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे, तेव्हा मी ती जरा सावधपणेच वाचली. त्यात शाळेच्या वसतिगृहातला मोठ्या मुलांचा धाक आहे आणि त्या धाकात दिवस काढणारा धाकटा मुलगा आहे. ज्या मासिकात ती छापली गेली त्या अंकावर सरकारने बंदी घातली. याच ओगाइंची मुलगी मोरी मारी. तिने 1961 मध्ये ‘प्रेमिकांचं वन’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कथा लिहिली, आणि पुढच्या बॉईज लव्हची पूर्वज म्हणून तिचं नाव घेतात. बापाच्या पुस्तकात भीती होती. मुलीच्या पुस्तकात रेशीम, अत्तर आणि फ्रेंच वळणाची नावं आली. बाप-लेकीच्या या अंतरात आपला आजचा विषय बसतो असं मला वाटतं.

कारण यानंतर ज्या मुलींनी लेखणी उचलली, त्यांनी घरची वसतिगृहं घेतलीच नाहीत. 1970 च्या सुमारास तोक्योच्या नेरिमा भागात, ओइझुमी इथे एका साध्याशा घरात दोन तरुण चित्रकर्ती राहायला आल्या. हागिओ मोतो, जन्म 1949, आणि ताकेमिया केइको, जन्म 1950. दोघी मुलींच्या मासिकांसाठी मांगा काढायच्या. शेजारी राहणारी मैत्रीण मासुयामा नोरिए. ती स्वतः चित्रं काढत नव्हती, पण वाचन अफाट. तिने या दोघींच्या हातात हेस्से दिला. आणि ‘खास मैत्री’ हा फ्रेंच चित्रपट दाखवला. दिग्दर्शक झाँ दलानॉय, साल 1964, मूळ कादंबरी रोजे पेरफितची. एका कॅथलिक निवासी शाळेतल्या दोन मुलांचं प्रेम, धर्मगुरूंची करडी नजर आणि शेवटी धाकट्या मुलाचा रेल्वेतून उडी घेऊन मृत्यू.

तर श्रोतीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. हो, हेस्से त्या घरात होता.

पण मुलींनी मुलांचंच बोर्डिंग का घ्यावं? मुलींच्या शाळांमधल्या जिवलग मैत्रीच्या कथा जपानमध्ये होत्याच की. योशिया नोबुको यांनी त्या 1910 च्या दशकापासून लिहिल्या होत्या, आणि लाखो मुलींनी वाचल्या होत्या. हागिओंनी 1971 च्या ‘नोव्हेंबरची शाळा’ या कथेसाठी मुलींची शाळा घेऊन खरोखर कच्चा आराखडा करून पाहिला होता. तो त्यांना रुचला नाही. मुलगे घेतल्यावर कथा मोकळी झाली. माझा तर्क असा आहे. मुलगी म्हटलं की वाचणाऱ्या मुलीच्या मनात आई, लग्न, लोक काय म्हणतील हे सगळं आपोआप गोळा होतं. मुलगा म्हटला की ते ओझं खाली राहतं. मग जपानी मुलगा का नाही? तर जपानी उच्च विद्यालयांची वसतिगृहं ही वडीलधाऱ्या पुरुषांची आठवण होती. त्या दारातून मुलींना कधी आतच घेतलं नव्हतं, आणि युद्धानंतरच्या सुधारणेत 1950 पर्यंत ती विद्यालयंही संपली. जर्मनीतली शाळा मात्र कुणाच्याच वडिलांची नव्हती. ती कुणीही उसनी घ्यावी.

1974 मध्ये हागिओंचं ‘थॉमसचं हृदय’ साप्ताहिक ‘शोजो कॉमिक’मध्ये सुरू झालं. पहिल्याच पानांवर बर्फ पडतोय, आणि थॉमस नावाचा मुलगा रेल्वेवरच्या पुलावरून खाली पडून मरतो. अपघात म्हणून बोलबाला होतो. पण युली या मुलाच्या हातात थॉमसचं शेवटचं पत्र येतं. काही दिवसांनी हुबेहूब थॉमससारखा दिसणारा एरिक शाळेत दाखल होतो. पुढची सगळी कथा युलीची आहे. त्याच्यावर पूर्वी झालेल्या अत्याचारामुळे तो स्वतःला प्रेमाला नालायक समजतो. म्हणजे प्रश्न ‘कोण कुणावर प्रेम करतो’ हा नाहीच. ‘मला क्षमा आहे का’ हा आहे. हा धर्मशास्त्राचा प्रश्न, आणि तो शाळकरी मुलींच्या साप्ताहिकात! वाचकांच्या कौलात सुरुवातीला ही मालिका तळाला होती आणि संपादक ती गुंडाळायच्या बेतात होते. तेवढ्यात हागिओंच्या ‘पो घराणं’ या पुस्तकाच्या पहिल्या खंडाच्या 30,000 प्रती तीन दिवसांत संपल्या. मालिका वाचली ती अशी.

ताकेमियांना याहून जास्त थांबावं लागलं. ‘वारा आणि झाडाचं गाणं’ त्यांच्या डोक्यात 1970 पासून होतं. संपादक हात लावायला तयार नव्हते. मग त्यांनी इजिप्तच्या फारोची एक लोकप्रिय मालिका लिहिली, नाव कमावलं आणि त्या नावाच्या जोरावर 1976 मध्ये आपली कथा छापून घेतली. ती 1984 पर्यंत चालली. एकोणिसाव्या शतकातलं प्रोव्हान्स, आर्लजवळची निवासी शाळा, जिल्बेर आणि सर्ज. या कथेत क्रौर्य पुष्कळ आहे, आणि ते मोठ्या माणसांचं आहे. दोघं मुलगे शाळा सोडून पॅरिसला पळतात. तिथे भाडं द्यायचं असतं, काम शोधायचं असतं. जिल्बेर अफूच्या नादी लागतो आणि घोडागाडीखाली मरतो. शाळा नरक होती, पण बाहेर तर त्यांना जागाच नव्हती.

आता एक नाजूक गोष्ट. 1973 मध्ये ओइझुमीचं घर मोडलं. ताकेमियांनी आपली बाजू 2016 च्या आत्मकथनात लिहिली. हागिओ जवळपास पन्नास वर्षं गप्प राहिल्या आणि 2021 मध्ये त्यांनी एकदाच, पुन्हा विषय नको म्हणून, पुस्तक लिहिलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, मुलांच्या निवासी शाळेवरची त्यांची एक कथा आल्यावर ताकेमिया आणि मासुयामा यांनी त्यांना बोलावून जाब विचारला. ही कल्पना आमची, तू ती का वापरलीस, असा त्याचा अर्थ. हागिओंनी तोक्यो सोडलं, आणि ताकेमियांचे मांगा पुढे कधी वाचले नाहीत असंही त्या लिहितात. मला हे वाचून फार वाईट वाटलं. दोघींपैकी कुणीही त्या शाळेत गेली नव्हती. हेस्सेकडून, पेरफितकडून आणलेली शाळा. तरी ती माझी की तुझी यावरून मैत्री गेली. कोण बरोबर, कोण चूक हे आपण सांगू नये. पण ती शाळा त्यांना किती खरी वाटत होती हे यातून कळतं.

पुढचा काळ भरभर सांगतो. 1975 च्या डिसेंबरात कॉमिक मार्केट ही हौशी लेखकांची जत्रा सुरू झाली, तेव्हा 32 गट आणि सुमारे 700 माणसं होती. 1978 मध्ये या कथांना वाहिलेलं मासिक निघालं, त्याचं नाव पुढे ‘जुने’ पडलं. मराठीत ऐकायला गंमत वाटते, मासिक नवं आणि नाव जुने. 1990 च्या दशकात ‘बॉईज लव्ह’ हे नाव रूढ झालं आणि तो धंदा झाला.

याच दशकात, 1992 मध्ये, सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत खरमरीत लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही स्त्रिया आमच्या आयुष्याचं चित्र तुमच्या करमणुकीसाठी वापरता, आणि आम्ही प्रत्यक्ष समोर आलो की तुम्हाला आम्ही दिसत नाही. वाद काही वर्षं चालला. काही लेखिकांनी उत्तरं दिली, काहींनी मान्य केलं की यात तथ्य आहे. पुन्हा तोच प्रश्न, पण आता जास्त गंभीर. ओइझुमीत भांडण उसन्या शाळेवरून होतं. इथे एक माणूस म्हणत होता की त्या शाळेत तुम्ही मला राहायला ठेवलंय आणि मला विचारलेलं नाही. या आक्षेपाला पुरतं उत्तर मिळालं असं मला वाटत नाही. ‘त्या कथांमुळे मुलींना श्वास घेता आला’ हे खरं आहे, पण ते सातोच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

या सगळ्यानंतर दहा वर्षांनी ‘गाकुएन हेवन’ येतो. आता पूल आठवा. थॉमस पुलावरून पडून मरतो, केइता पुलावर वाचतो. गेम करणाऱ्यांना हे साम्य अभिप्रेत होतं असा माझा दावा नाही. पण तीस वर्षांत काय बदललं ते या दोन पुलांवर दिसतं. हेस्सेचा हान्स, पेरफितचा मुलगा, थॉमस, जिल्बेर, या शाळेने प्रत्येक वेळी एक बळी घेतला होता. बेल लिबर्टी कुणाचा बळी घेत नाही. तिथे धर्मगुरू नाहीत, पाप नाही. मुलगा मुलग्यावर प्रेम करतो याचं कुणाला नवलही वाटत नाही. केइताला शाळेतून काढून टाकण्याचा डाव आहे, आणि तो हाणून पाडायला एक स्पर्धा आहे. तीत जिंकणाऱ्याची एक इच्छा पुरी होणार. जोडीदार कोण हे तुम्ही निवडायचं. आणि त्याचा पहिला मित्र काझुकी, गणवेशात वावरणारा, प्रत्यक्षात त्या शाळेचा मालक निघतो. केइताला ते प्रवेशपत्र त्यानेच धाडलेलं असतं.

किर्केगॉरने 1843 मध्ये ‘एक तर हे, नाही तर ते’ लिहिलं. एक निवडलं की दुसरं गेलं, त्या गमावण्यातच माणूस घडतो, असं त्याचं सांगणं मी कितीतरी वर्षं वर्गात शिकवलं. इथे राजा निवडा, मग ‘सेव्ह’ केलेल्या जागी परत या, राणी निवडा. चुकलात तर ‘वाईट शेवट’, पुन्हा मागे. काही जात नाही. आमच्या पिढीला हे उथळ वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटलं. पण त्या श्रोतीने दुसऱ्या पत्रात लिहिलं, “सर, सगळे मार्ग संपवल्यावर कळतं की प्रत्येक मार्गावर बाकीची मुलं एकटीच राहिली.” हे मला सुचलं नव्हतं. म्हणजे गमावणं गेलेलं नाही, ते केइताकडून वाचणाऱ्याकडे आलंय.

सातोच्या प्रश्नाबाबत मात्र गेम एक पाऊलही पुढे जात नाही. बेटावर बाहेरचं जग नाहीच, म्हणून तिथे छळही नाही. आणि बाहेरचा पुरुषही नाही.

‘थॉमसचं हृदय’च्या शेवटी युली शाळा सोडून बॉनच्या धर्मशाळेत शिकायला निघतो, मित्र निरोप देतात, गाडी सुटते. केइता वर्षानुवर्षं त्याच बेटावर आहे. ‘नवा खेळ’ दाबलं की बस पुलावर येते.

वेळ झाली. प्रश्न असतील तर लिहून पाठवा, गेल्या वेळेसारखे.