छत्रपती संभाजीनगर परिसरातील कबरींवरील बांधकाम

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि सुमारे २५ किलोमीटरवरील खुलताबाद येथील ऐतिहासिक कबरींमध्ये घुमटयुक्त संगमरवरी मकबऱ्यापासून उघड्या मातीच्या कबरीपर्यंत सर्व प्रकार आढळतात. कबरीवर काय बांधावे, त्यावर किती खर्च करावा आणि तो निर्णय कोणाचा, या प्रश्नांची वेगवेगळ्या काळांतील उत्तरे या परिसरात एकत्र पाहता येतात.

धार्मिक नियम व रूढी

इस्लामी परंपरेतील हदीसांमध्ये कबरीला गिलावा करणे व तिच्यावर इमारत उभारणे यास मनाई केलेली आढळते. कबर जमिनीपासून साधारण वीतभर उंच असावी, म्हणजे ती ओळखू येईल व तुडवली जाणार नाही, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात सुलतान, सरदार व सूफी संत यांच्या कबरींवर भारतात मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. मुघलकालीन कबरींवर पुरुषासाठी कलमदानाचा उंचवटा आणि स्त्रीसाठी सपाट तख्ती अशी खूण करण्याची पद्धत होती; त्यामुळे लेख नसतानाही कबर स्त्रीची की पुरुषाची हे ओळखता येते.

बीबी का मकबरा

औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिचे १६५७ मध्ये निधन झाले. तिच्या कबरीवर बीबी का मकबरा बांधण्यात आला. वास्तुशिल्पी अताउल्ला व अभियंता हंसपत राय यांची नावे या बांधकामाशी जोडली जातात. मूळ कबर खालच्या पातळीवर असून ती अष्टकोनी संगमरवरी जाळीने वेढलेली आहे व वरच्या सज्जातून दिसते.

या इमारतीसाठी ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाल्याचे सांगितले जाते. ताजमहालासाठी सांगितल्या जाणाऱ्या सुमारे ३ कोटी २० लाख रुपयांच्या तुलनेत ही रक्कम फारच कमी आहे. खर्चावरील ही मर्यादा बांधकामातही दिसते. भिंतींच्या खालच्या भागात व घुमटाला संगमरवर वापरला असून मधल्या भागात स्थानिक काळा पाषाण व त्यावर चुन्याचा गिलावा आहे. संगमरवर राजस्थानातील खाणींतून आणावा लागत असे. फ्रेंच जवाहीर व्यापारी तावेर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने भरलेल्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्याची नोंद केली आहे. त्यांतील सर्वांत लहान गाडीला १२ बैल जुंपलेले होते. दगडाच्या किमतीइतकाच वाहतुकीचाही भार मोठा होता, हे या नोंदीवरून लक्षात येते.

औरंगजेबाची कबर

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मरण पावला. खुलताबाद येथे जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याचे दफन करण्यात आले. त्याच्या नावावरील मृत्युपत्रानुसार, टोप्या शिवून मिळालेल्या ४ रुपये २ आण्यांतून कफनाचा खर्च भागवावा आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटावेत, अशी त्याची इच्छा होती. कबरीवर छत नाही. तिच्या मध्यभागी माती असून तीत सुगंधी रोपे लावण्याची प्रथा आहे. औरंगजेबास मरणोत्तर ‘खुल्द मकान’ ही पदवी देण्यात आली. पूर्वी ‘रौजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाला या पदवीवरून खुल्दाबाद हे नाव पडले.

आज कबरीभोवती दिसणारी संगमरवरी जाळी मूळची नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या सूचनेवरून हैदराबादच्या निजामाने ती बसवली. कबर साधी ठेवण्याची मृताची इच्छा आणि त्याच्या पदाला शोभेल असे स्मारक हवे ही नंतरच्या सत्तेची अपेक्षा, यांतील तडजोड म्हणून या जाळीकडे पाहता येते.

खुलताबादेतच मलिक अंबर (मृत्यू १६२६) याची घुमटयुक्त कबर, तसेच बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पहिला निजाम आसफजाह (मृत्यू १७४८) याची कबर आहे.

कायदेशीर स्थिती

औरंगजेबाची कबर व बीबी का मकबरा ही दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे व त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात पूर्वपरवानगी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भावना दुखावण्याच्या हेतूने कोणत्याही दफनभूमीत अतिक्रमण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी पुढे आली, तेव्हा या संरक्षणाचा मुद्दा चर्चेत आला.

वक्फ म्हणून नोंदलेली कब्रस्ताने वक्फ कायद्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय याच शहरात पाणचक्की येथे आहे.

जागेचा प्रश्न

सामान्य कब्रस्तानांत कच्च्या कबरीची जागा काही वर्षांनी पुन्हा वापरता येते. पक्का चौथरा व कोरीव शिला बसवल्यास ती कायमची अडते. त्यामुळे दाटीच्या शहरांत अनेक व्यवस्थापन समित्या पक्क्या बांधकामास मनाई करतात. मुंबईतील ख्रिस्ती दफनभूमींतही कबरींचा पुनर्वापर होतो व जुन्या अस्थी भिंतीतील कोनाड्यांत ठेवल्या जातात. अशा ठिकाणी मोठ्या शिलेऐवजी नाव व तारखा कोरलेली लहान फरशी एवढीच खूण उरते. पाथरवट व अक्षरे कोरणाऱ्या कारागिरांच्या कामाचे स्वरूपही त्यानुसार बदलते.

हेही पहा

बीबी का मकबरा
खुलताबाद
मलिक अंबर
पाणचक्की